बसल्या जागी उड्डाण

‘द जेट्सन्स’ ही कार्टून मालिका एका उडणाऱ्या कुटुंबाची आहे, असे साठ वर्षांहून अधिक काळ सगळे धरून चालले आहेत. समजूत होण्यासारखीच आहे. काचेचा घुमट बसवलेली बशीसारखी गाडी, उकळत्या किटलीसारखा तिचा बुडबुड आवाज, आत आईबाप, मुलगी, मुलगा, आणि आजूबाजूला नुसते आकाश. एवढे दिसल्यावर कोणीही म्हणेल, बघा, उडताहेत. पण जरा नीट पाहिले तर उडते ती गाडी. कुटुंब बसलेले असते. ते घरात बसते, कचेरीत बसते, आणि या खुर्चीतून त्या खुर्चीत जायचे झाले तर मधल्या वेळात गाडीतल्या खुर्चीत बसते. आकाश त्यांच्या दृष्टीने फक्त वरचा मजला आहे. म्हणून माझे म्हणणे असे की, जगातल्या या सर्वांत प्रसिद्ध उडत्या कुटुंबाला एकदाही उडता आलेले नाही. ते बसण्यात तरबेज होते, आणि त्यांच्याकडून जगाने उचलले तेही बसणेच.

हा भेद आपल्या लोकांना समजावून सांगावा लागू नये. मारुतीचे उडणे आणि रामचंद्रांचे पुष्पक विमानातून अयोध्येला येणे या दोन गोष्टी एक नव्हेत. कॅलेंडरवरचा मारुती आठवा. एक पाय मागे फेकलेला, गुडघा वाकलेला, एका तळहातावर अख्खा डोंगर, छाती पुढे. बघणाऱ्यालाच दम लागावा असे चित्र. पुष्पकाचे चित्र मात्र लग्नाच्या वऱ्हाडाच्या बससारखे असते: मंडळी ओळीने बसलेली, चेहऱ्यावर ‘आले का हो ठिकाण’ असा भाव. पहिल्यात अंग उडते, दुसऱ्यात आसन उडते. डिस्नेच्या १९५३ सालच्या ‘पीटर पॅन’मधली मुले रात्रीच्या कपड्यांतच हात पसरून लंडनवर तरंगतात, ते मारुतीच्या घराण्यातले उडणे. जेट्सन मंडळी सरळसरळ पुष्पकाच्या घराण्यातली.

मालिका २३ सप्टेंबर १९६२ रोजी, रविवारी संध्याकाळी, अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर सुरू झाली. त्या वाहिनीचा हा पहिलाच रंगीत कार्यक्रम. मात्र तेव्हा बहुतेक घरांतले संच कृष्णधवल होते, त्यामुळे रंगीत भविष्यकाळ बहुतेकांनी करड्या रंगातच पाहिला. शेजारच्या वाहिनीवर त्याच वेळी खुद्द डिस्नेचा कार्यक्रम असे. परिणाम व्हायचा तोच झाला. चोवीस भाग झाले आणि १९६३ साली गाशा गुंडाळला. मग तेच चोवीस भाग शनिवारी सकाळी, मुलांच्या वेळेत, वर्षानुवर्षे फिरवले गेले, आणि पुढे १९८५ ते १९८७ या काळात आणखी एकावन्न तयार करण्यात आले. आपल्याकडे १९९५ साली कार्टून नेटवर्क आले, त्यानंतर मराठी घरांतल्या मुलांनाही शाळेतून आल्यावर दप्तर न काढता हे कुटुंब बघता येऊ लागले. मालिकेतला काळ म्हणजे शंभर वर्षांनंतरचा, २०६२ सालचा. बाप जॉर्ज, आई जेन, पंधरा वर्षांची ज्युडी, सहा वर्षांचा एलरॉय, ॲस्ट्रो नावाचा कुत्रा आणि रोझी नावाची यांत्रिक मोलकरीण. राहायला उंच खांबावरच्या बिऱ्हाडात. खांब कशात रोवला आहे ते विचारू नये.

पुरावा म्हणून सुरुवातीचे शीर्षकगीतच घ्या. सगळी मालिका त्या मिनिटभरात आहे. गाडी येते. एलरॉयला एका छोट्या घुमटात कोंबले जाते आणि घुमट शाळेकडे सुटतो. मग ज्युडीची पाळी. तीही तशीच घुमटात बसून रवाना. दोन्ही पोरांना जमिनीला पाय लावू दिलेला नाही. पुढे बाजार येतो. जॉर्ज पाकिटातून एक नोट काढून बायकोपुढे धरतो. जेन नोट त्याच्या हातात ठेवते आणि पाकीट घेऊन जाते. अख्ख्या गीतात स्वतःच्या बुद्धीने केलेली हालचाल तेवढी एकच. मग जॉर्ज कचेरीशी पोचतो आणि त्याची गाडी घडी होत होत हातातली बॅग बनते. इथे प्रेक्षक हरखतो, कारण गाडी लावायला जागा शोधण्याचे दुःख सार्वत्रिक आहे. पण पुढचे बघा. गाडी बॅगेत गेली म्हणजे आता तरी माणूस चार पावले टाकेल? छे. खालची जमीनच सरकू लागते. सरकता पट्टा त्याला थेट टेबलापाशी नेतो, तो खुर्चीत पडतो आणि पाय टेबलावर टाकतो. पायांचा दिवसभरात एवढाच उपयोग.

आता हे असे का, याचे एक कारण आकाशात नसून हिशेबाच्या वहीत आहे. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने एमजीएम कंपनीत ‘टॉम अँड जेरी’ काढले, सात ऑस्कर मिळवली, आणि १९५७ साली कंपनीने कार्टून विभागच बंद केला. टॉम आणि जेरी सतत पळतात. पळणे हे कार्टूनमधले सर्वांत खर्चिक काम, कारण प्रत्येक पावलासाठी पाय नव्याने काढावे लागतात, शेपूट वेगळी, धूळ वेगळी. दूरचित्रवाणीकडे तेवढे पैसे नव्हते. तेव्हा या दोघांनी काटकसरीची पद्धत बसवली: अंग तेच ठेवायचे आणि फक्त तोंड हलवायचे. त्यांच्या योगी अस्वलाला गळ्यात टाय का, याचे उत्तर सभ्यता नव्हे. टायमुळे मुंडके धडापासून वेगळे काढता येते, आणि बोलताना धड पुन्हा काढावे लागत नाही. या नजरेने जेट्सनांची गाडी बघितली की तिचे शास्त्र कळते. कुटुंब एकदा बसवून काढायचे आणि मागून ढगांचा पट्टा ओढायचा. सरकत्या जमिनीवरही तेच, माणूस एकदा काढायचा आणि पार्श्वभूमी सरकवायची. नळीतून वर जाणारा माणूस, पट्ट्यावरून जाणारा माणूस, घुमटात बसलेले पोर, कोणाचेही पाय काढायला नकोत. २०६२ सालचा माणूस चालत नाही, कारण १९६२ साली त्याचे चालणे परवडत नव्हते.

यावर कोणी म्हणेल, मग विषयच संपला. जे केवळ पैसे वाचवण्यासाठी झाले त्यात अर्थ काय शोधायचा? आक्षेप वजनदार आहे, पण त्याच स्टुडिओत त्याचे उत्तर बसले आहे. जेट्सनांच्या आधी दोन वर्षे, १९६० साली, याच मंडळींनी याच काटकसरीत ‘द फ्लिंटस्टोन्स’ काढली होती. ते अश्मयुगातले कुटुंब. त्यांच्याही घरी गाडी आहे, दगडी चाकांची, आणि ती फ्रेड फ्लिंटस्टोन स्वतःच्या पायांनी पळवतो. गाडीला तळच नाही. अनवाणी तळवे भराभर जमिनीवर आपटत तो कामावर जातो. तेच चित्रकार, तीच बचत, तरी भूतकाळ पळतो आणि भविष्यकाळ बसतो. म्हणजे बचतीने खुर्ची पुढे केली हे खरे, पण तिच्यावर बसायचे कोणी, हे काळाने ठरवले. मागासलेल्या माणसाने पाय वापरायचे, सुधारलेल्याने बोट, हे त्या काळाचे म्हणणे होते, आणि हॅना-बार्बेरांनी ते शिकवणी न लावता उचलले.

बोटाचे हे राज्य तेव्हा अमेरिकेत कसे फोफावले होते, याचा नमुना दिवाणखान्यातच होता. झेनिथ कंपनीने १९५० साली टीव्हीला वायरने जोडलेले एक बटण विकायला काढले. त्याचे नाव काय ठेवले, तर ‘लेझी बोन्स’. गिऱ्हाइकाला तोंडावर आळशी म्हणून माल विकण्याचे इतके प्रामाणिक उदाहरण व्यापाराच्या इतिहासात कमी. मग वायरला पाय अडखळू लागले, तेव्हा बिनवायरचे आले. १९५६ साली नाव होते ‘स्पेस कमांड’, अवकाशाचा हुकूम! सहा वर्षांत आळशाचा सेनापती झाला, उठला मात्र नाही. त्याच दशकात ॲल्युमिनियमच्या ताटलीत कप्पे करून तयार जेवण विकू लागले आणि त्याला नावच मिळाले टीव्ही डिनर. म्हणजे त्या रविवारी संध्याकाळी पडद्यावर जे कुटुंब बसल्या बसल्या बटण दाबून जेवत होते, त्याच्यासमोर सोफ्यावर दुसरे कुटुंब बसल्या बसल्या बटण दाबून जेवत होते. ही मुलांची मालिका आहे, तिला एवढे कशाला पिंजायचे, असे ज्यांना वाटते त्यांनी हे चित्र लक्षात घ्यावे. ती मुलांची नंतर झाली. आधी ती साऱ्या घराने मिळून बघायची होती, आणि तिचे खरे मॉडेल काचेच्या अलीकडे बसले होते.

दुसरा आक्षेप जास्त भारदस्त आहे. तो काळ झेपेचा होता, त्याला बैठा काय म्हणता? फेब्रुवारी १९६२ मध्ये जॉन ग्लेन पृथ्वीभोवती तीन फेऱ्या मारून आला. मालिका सुरू होण्याच्या अकरा दिवस आधी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी टेक्सासमधल्या राइस विद्यापीठाच्या मैदानात चंद्रावर जाण्याचे भाषण केले. सिॲटलमध्ये त्याच वर्षीच्या जागतिक प्रदर्शनासाठी ‘स्पेस नीडल’ नावाचा मनोरा उभा राहिला, आणि त्याच्या डोक्यावरची तबकडी जेट्सनांच्या शेजारच्या बिल्डिंगसारखीच दिसते. सगळे मान्य. पण ग्लेन त्या पावणेपाच-पाच तासांत काय करत होता? पट्ट्यांनी आवळून बसला होता. स्वयंचलित यंत्रणा बिघडली तेव्हा त्याने यान हाताने सांभाळले, त्याच्या हिमतीला तोड नाही, तरीही बसूनच. त्याच्याही आधी त्या खुर्चीत कोण बसले होते ते बघा. जानेवारी १९६१ मध्ये हॅम नावाचा चिंपांझी अंतराळात जाऊन आला. त्याला काम दिले होते ते असे: दिवा लागला की दांडा ओढायचा. वेळेवर ओढला तर केळ्याच्या चवीची गोळी, चुकला तर तळपायाला विजेचा हलका झटका. त्याच वर्षी नोव्हेंबरात इनॉस नावाचा दुसरा चिंपांझी पृथ्वीभोवती फिरला. त्याच्या वेळी यंत्र असे बिघडले की बरोबर दांडा ओढला तरी झटका बसू लागला. इनॉसने तरीही शिकवल्याप्रमाणे काम चालू ठेवले. नोकरदार वाचकाला यापुढे जास्त सांगायची गरज नाही.

कारण जॉर्ज जेट्सनची नोकरी हुबेहूब हीच आहे. स्पेसली नावाच्या बुटक्या, लालबुंद मालकाच्या कारखान्यात तो दंतचक्रे तयार करतो, म्हणजे एक बटण दाबतो. केळ्याच्या गोळीऐवजी पगार, झटक्याऐवजी भिंतीवरच्या पडद्यात अचानक उगवणारा मालकाचा चेहरा. आठवड्यात काम मोजक्या तासांचे. तरी जॉर्ज घरी येतो तो पिळून निघाल्यासारखा, आणि सबंध दोन तास राबवून घेतले म्हणून मालकाच्या नावाने खडे फोडतो. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९३० साली लिहून ठेवले होते की शंभर वर्षांत माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल आणि उरलेल्या वेळेचे काय करायचे हीच अडचण होईल. केन्स मोठा माणूस, पण कचेरीतल्या थकव्याचा कामाशी संबंध असतो असे त्यांनी धरले. हॅना-बार्बेरांना नेमके माहीत होते की तो खुर्चीशी असतो. एका भागात तर स्पेसली ‘युनिब्लॅब’ नावाचा यंत्रसाहेब आणतो. तो जॉर्जच्या वर बसतो, गोड बोलून कर्मचाऱ्यांकडून मालकाची निंदा वदवतो आणि गुपचूप ध्वनिमुद्रित करून मालकाला ऐकवतो. बसलेल्या माणसावर पाळत ठेवणे सोपे असते, हे खऱ्या कचेऱ्यांना कळायला तेव्हा अजून बरीच वर्षे होती.

घरी जेनची परिस्थिती याहून नाजूक. पहिल्याच भागात ती पडद्यासमोर उभी राहून व्यायाम करते. कशाचा, तर बोटांचा. बटणे दाबून दाबून बोटे दुखतात, म्हणून दूरचित्रवाणीवरची बाई बोटे लवचिक ठेवण्याचे धडे देते. धुणे, इस्त्री, केर काढणे, प्रत्येकाला एकेक बटण, आणि घरकामाने जीव नकोसा झाल्याची तक्रार मात्र अख्खी, धुणे घाटावर नेणाऱ्या बाईची. त्यात जेवणाचे यंत्र बिघडते. मग भाड्याने मोलकरीण बघायला जाणे आले, आणि पसंत पडते ती जुन्या मॉडेलची रोझी: खाली चाके, डोक्यावर टोपी आणि पुढे एप्रन. पत्र्याच्या अंगाला डाग लागू नयेत म्हणून कापडाचा एप्रन घालणारी ही जगातली पहिलीच वस्तू असावी. मालक जेवायला आलेला, पगारवाढीची बोलणी, केक मालकाच्या अंगावर, नोकरी गेली, केकची चव आवडली, नोकरी परत, पगारवाढ मंजूर, रोझी कायम. गंमत अशी की सगळ्यांना आठवणारी ही रोझी मूळ चोवीस भागांपैकी जेमतेम दोनांत ठळकपणे दिसते. उरलेल्या बावीस वेळा ती कुठे होती याचा खुलासा नाही. मोलकरणीच्या वर्णनात इतके वास्तव त्या मालिकेत दुसरे काही नाही.

आता सर्वांत लाडका आक्षेप, आणि तो जेट्सनांच्या चाहत्यांकडून येतो. त्यांच्या मते ही मालिका म्हणजे भविष्यवाणी. चपटा टीव्ही, चेहरा दिसणारा फोन, मनगटावरचा पडदा, आपोआप फिरणारा झाडू, सगळे आधीच दाखवून ठेवले! यादी खरी आहे. पण ती नुसती वाचू नये, दोन ढीग करून वाचावी: काय आले आणि काय नाही आले. आले ते सगळे असे की ज्याने माणूस जागेवरून उठायचा थांबला. फोन उचलायला उठायचे नाही, केर काढायला उठायचे नाही, बँकेत, बाजारात, डॉक्टरकडे जायला उठायचे नाही. आणि सगळ्यांना हवी होती ती गोष्ट, माणसाला घराबाहेर नेणारी ती उडती गाडी, ती मात्र आली नाही. म्हणजे प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. मोल्टन टेलर या अमेरिकन अभियंत्याची ‘एरोकार’ १९४९ सालीच उडाली होती, सरकारी मान्यताही पुढे मिळाली. आणि एकूण बनल्या सहा. तिला पंख लागत, धावपट्टी लागे, वैमानिकाचा परवाना लागे. बुडबुड आवाज करत गच्चीवरून उठणे काही तिला जमेना. भविष्याने जेट्सनांच्या घरातून खुर्ची तेवढी उचलून नेली आणि गाडी तिथेच सोडली.

चेहरा दिसणाऱ्या फोनची गोष्ट मात्र थोडी थांबून पाहण्यासारखी आहे, कारण तिथे मालिका खरोखर शहाणी ठरली. सकाळच्या वेळी फोन आला की जेन आधी एक मुखवटा चढवते: केस नीट, ओठ रंगवलेले, डोळे ताजे. आतली जेन झोपेतून नुकती उठलेली. पलीकडची मैत्रीणही तशीच टापटीप, आणि मग शिंक येते आणि तिचा मुखवटा गळून पडतो. हे १९६२ साली. त्यानंतर दोन वर्षांनी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बेल कंपनीने ‘पिक्चरफोन’ लोकांना दाखवला, १९७० साली पिट्सबर्गमध्ये त्याची सेवा सुरू केली, आणि ती आपटली. एक तर महाग, आणि दुसरे म्हणजे घरात असताना आपण दिसावे असे कोणालाच वाटत नव्हते. इतक्या अभियंत्यांना जे उमगले नाही ते कार्टूनवाल्यांच्या एका शिंकेत होते. पुढे २०२० साली अख्खे जग सक्तीने त्या फोनपुढे बसले, तेव्हा कॅमेऱ्यात दिसेल तेवढ्या भागात इस्त्रीचा शर्ट आणि टेबलाखाली लेंगा, अशी मुखवट्याची सुती आवृत्ती घरोघर निघाली. टेबलाखालचा भाग कोणाला दिसणार नाही याची खात्री होती, कारण उठायचेच नव्हते.

राहिला तो आक्षेप मला खोडून काढता येत नाही. टीकाकार म्हणतात, शंभर वर्षांनंतरचे जग काढताना यांनी यंत्रे तेवढी बदलली. बाई घरातच, बाप कचेरीत, मालक ओरडतोय, आणि गोऱ्या माणसांखेरीज दुसरे कोणी त्या आकाशात राहतच नाही. जमिनीवर काय चालले आहे तेही कळत नाही. इतकी बटणे दाबली जातात तर त्यांच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी राबत असणारच. आरोप खरा आहे आणि माफीचे कारण नाही. खरे तर जेट्सन हे जुन्याच घराचे नवे रंगकाम होते. जेनला आवाज देणाऱ्या पेनी सिंगलटन यांनी १९३८ ते १९५० या काळात ‘ब्लाँडी’ या बोलपटमालेच्या अठ्ठावीस चित्रपटांत हीच भूमिका केली होती: धांदरट नवरा, खेकसणारा साहेब, घर सावरून नेणारी बायको. हॅना-बार्बेरांनी ते बिऱ्हाड खांबावर चढवले, बस. पण या बाईंची खरी हकीकत पटकथेपेक्षा फार पुढची होती. त्या रंगमंचावरच्या कलावंतांच्या कामगार संघटनेच्या पुढारी होत्या, आणि १९६७ साली न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमधल्या नर्तकींचा संप त्यांनी चालवला. बटण दाबून बोटे दुखली म्हणणाऱ्या जेनच्या आवाजात, दिवसातून अनेक खेळ करून पाय दुखलेल्या बायकांसाठी वाटाघाटी झाल्या. पाय कोणाचे राबतात हे त्या मालिकेत ज्यांना पक्के माहीत होते, त्यांना ते बोलायला जागा नव्हती.

पायांचा विषय निघालाच आहे तर शेवटच्या श्रेयनामावलीकडे वळू. सबंध मालिकेत जॉर्जला नेमाने चालायला लावणारा प्रसंग हाच. तो थकून घरी येतो. कुत्र्याला फिरवून आणायचे असते, पण खाली उतरायला जमीन नाही, म्हणून बाहेर खांबाला जोडलेला एक फिरता पट्टा आहे. जॉर्ज आणि ॲस्ट्रो त्यावर जागच्या जागी चालू लागतात. एक मांजर येते. ॲस्ट्रो तिच्यामागे धावतो, पट्टा वेग घेतो, आणि दोन्ही प्राणी शहाणपणाने बाजूला उडी मारून बसून बघू लागतात. जॉर्जला उतरता येत नाही. तो पट्ट्याबरोबर गरगर फिरत राहतो आणि बायकोला हाका मारतो, बंद कर म्हणून. अशा पट्ट्याचा पूर्वज १८१८ साली इंग्लंडमध्ये विल्यम क्यूबिट नावाच्या अभियंत्याने तुरुंगांसाठी काढला होता. कैद्यांना जागच्या जागी पायऱ्या चढायला लावण्याची ती शिक्षा होती. १९६२ सालच्या प्रेक्षकाला घराबाहेर बसवलेला पट्टा हा नुसता विनोद वाटला. त्याच दशकाच्या अखेरीस घरगुती ट्रेडमिल बाजारात आली, आणि आता माणूस दिवसभर बसण्याचे पैसे घेतो आणि संध्याकाळी जागच्या जागी चालण्याचे पैसे देतो. कुत्रा मात्र अजूनही बाजूला बसून बघतो.

२०६२ साली चाळीस वर्षांचा असलेला जॉर्ज म्हणजे हिशेबाने २०२२ साली जन्मलेला. जेनला जन्माला यायला अजून अवकाश आहे. ती त्याच्याहून सात वर्षांनी लहान. जॉर्ज मात्र आला आहे. बालवाडीच्या आसपासचे वय. घरभर धावत असेल, सोफ्यावरून उड्या मारत असेल, हात पसरून विमान करत असेल, म्हणजे अजून मारुतीच्या घराण्यातच असेल. आणि कोणीतरी मोठे माणूस, हातातल्या पडद्यावरून मान वर न करता, त्याला सांगत असेल, अरे, जरा एका जागी बस की.